दुष्काळात माणसं मरतात, मग उठाव नेमका कधी होतो?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका तरुण कार्यकर्त्याचा प्रश्न असा आहे : पावाच्या भावावरून फ्रान्सचा राजा गेला, पावाच्या रांगेतून रशियाचा झार गेला, असं शाळेत शिकवलं. मग १८७६ च्या दुष्काळात आपल्या भागात एवढी माणसं मेली, तेव्हा इंग्रजांचं राज्य का हललं नाही? आणि आज तेल-डाळीचे भाव एवढे असताना गावं गप्प का आहेत?

प्रश्न दोन आहेत, पण पहिल्याचं उत्तर नीट सापडलं की दुसऱ्याचं अर्धं हाती येतं. मी निपाणी भागात मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवला आणि १९८१ च्या तंबाखू आंदोलनापासून पुढे शेतकऱ्यांमध्ये आणि वखारीत काम करणाऱ्या बायकांमध्ये संघटनेचं काम केलं. त्या दोन्हींच्या आधारावर सांगते.

पोट पार खपाटीला गेलेला माणूस बंड करत नाही. तो आधी शेळी विकतो, मग बैल, मग घरातली तांब्या-पितळेची भांडी, मग दाराची चौकट. शेवटी बायकापोरांना घेऊन गाव सोडतो. या पायऱ्या प्रत्येक घर एकेकटं उतरत जातं, शेजारच्या घरात डोकावायलाही जीव उरत नाही. उठाव करतात ते काल दोन भाकऱ्या खाणारे आणि आज एकीवर आलेले लोक. तेही दुसरी भाकरी कुणी नेली हे त्यांना दिसत असेल, एकत्र जमायला जागा असेल आणि नेमक्या त्याच वेळी राज्यकर्त्याचे पायही लटपटत असतील तरच. भूक ही त्यातली एक गोष्ट आहे. ती एकटी पुरत नाही.

१८७६ चं बघा. पाऊस गेला तो दख्खनच्या मोठ्या पट्ट्यात. आपल्याकडे बेळगाव, धारवाड आणि कलादगी हे जिल्हे त्यात सापडले. घाटाला लागून असलेल्या खानापूरपेक्षा पूर्वेकडची अथणी, गोकाक, सौंदत्ती ही बाजू कोरडवाहू, नेहमीच एका पावसावर जगणारी. १८७६ ते १८७८ या काळात ब्रिटिश हिंदुस्थानात मेलेल्यांचा सरकारी अंदाजच पन्नास लाखांच्या वर आहे. देशात धान्य नव्हतं असं मात्र नाही. रेल्वे धान्य वाहत होती, पण ते भाव देऊ शकणाऱ्या बाजाराकडे जात होतं आणि परदेशी निर्यातही चालू होती. सरकारने दुष्काळी कामं काढली. पाहणीला आलेल्या रिचर्ड टेंपलने मजुरीत काटछाट करून पुरुषाला रोजचं एक पौंड धान्य आणि वर एक आणा असा हिशेब बसवला. खडी फोडणाऱ्या माणसाला अर्धा किलोसुद्धा धान्य नाही.

याच जागी एक गोष्ट घडली, जी पाठ्यपुस्तकात फारशी येत नाही. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी ही कमी मजुरी आणि गावापासून लांबच्या कामावर जायची सक्ती नाकारली आणि ते काम सोडून निघाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपाशी माणसांनी केलेला हा संप होता. त्याची वेळ बघा. पहिलाच हिवाळा होता, अंगात थोडी ताकद शिल्लक होती आणि सरकारनेच हजारो माणसं आणून एका जागी उभी केली होती. घरात एकेकटा उपाशी असलेला माणूस तिथे आजूबाजूला बघू शकला. पुढे ताप आला, माणसं रस्त्याकडेला पडायला लागली, तेव्हा कुणीच बोललं नाही. जास्त हाल झाले म्हणून जास्त प्रतिकार झाला, असं त्या दोन वर्षांत कुठेच दिसत नाही. उलटंच दिसतं.

त्याच दुष्काळातून वासुदेव बळवंत फडके उभे राहिले. पुण्यात लष्करी हिशेबखात्यातली नोकरी करणारा हा माणूस दुष्काळी मुलूख फिरून पेटला. १८७९ मध्ये त्यांनी रामोशी, कोळी, धनगर जमवून सावकारांवर धाडी घातल्या. जाहीरनामा काढला, त्यात लोकांना काम द्या ही मागणी होती. त्याच वर्षी जुलैमध्ये ते पकडले गेले ते आपल्या शेजारच्या विजापूर भागात, देवर नावडगीला. १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. सोबतचे लोक लुटीत वाटा मिळेपर्यंतच टिकतात, ही खंत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे, आणि त्या आदरापोटीच सांगते की त्यांच्या हाताशी उपाशी माणसं होती, संघटना नव्हती. गावोगावी सभा, फंड, निरोप नेणारी माणसं, पकडलेल्यांच्या घरी धान्य पोचवायची सोय, यातलं काहीच उभं राहिलेलं नव्हतं. दुष्काळाने ते उभं राहू दिलं नाही असंच म्हणा.

हे फक्त आपल्याकडचं नाही. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाटा कुजला, दहाएक लाख माणसं मेली आणि तितकीच किंवा जास्त देश सोडून गेली. ऐन त्या काळात, १८४८ मध्ये, तिथल्या तरुणांनी उठाव केला. तो एका खेड्यातल्या चकमकीपलीकडे गेला नाही. तीस वर्षांनी, १८७९ मध्ये, पुन्हा पिकं बुडाली. या वेळी मृत्यू त्या मानाने कितीतरी कमी होते, पण शेतकऱ्यांची लँड लीग उभी राहिली. खंड द्यायचा नाही आणि जमिनीवरून हुसकावलेल्याची जमीन दुसऱ्याने धरायची नाही, हे गावोगाव ठरलं. कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर त्यांनी टाकलेल्या बहिष्काराने जगाला एक शब्द दिला. पुढच्या काही दशकांत जमीनदारीच मोडली. बंगालचंही तसंच. १९४३ मध्ये तिथे सुमारे तीस लाख माणसं गेली. कलकत्त्यात धान्यानं भरलेल्या दुकानांसमोर माणसं पडून मेली आणि दुकानं फुटली नाहीत. एकूण धान्याच्या तुटवड्यापेक्षा ते विकत घेण्याची ऐपत संपल्यामुळे ही माणसं मेली, हे अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवून दिलं. त्याच बंगालमध्ये तीन वर्षांनी, १९४६ च्या अखेरीस, वाटेकरी शेतकऱ्यांनी पिकाचा दोन तृतीयांश वाटा मागणारी तेभागा चळवळ केली. तेव्हा दुष्काळ ओसरला होता, पण त्याची आठवण ताजी होती. शिवाय किसान सभेचे कार्यकर्ते दुष्काळात मदतीचं काम करत त्या गावांत पोचलेले होते.

आता फ्रान्स, कारण प्रश्न तिथूनच सुरू झाला आहे. १७८८ च्या जुलैमध्ये मोठी गारपीट झाली, पीक बुडालं, हिवाळा कडाक्याचा पडला. पॅरिसमध्ये चार पौंडांचा पाव एरवी आठ-नऊ सूला (सू म्हणजे तिथलं छोटं नाणं) मिळायचा, तो १७८९ मध्ये साडेचौदा सूपर्यंत गेला. साध्या मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सू. म्हणजे घरात पाव आणला की भाडं, जळण, कपडा यांना जवळपास काही उरत नव्हतं. आपल्याकडे सगळे इथवर सांगून थांबतात. पण भाव चढत होता त्याच महिन्यांत आणखी दोन गोष्टी चालू होत्या. राजाचा खजिना रिकामा झाला होता. १७८८ च्या ऑगस्टमध्ये कर्जफेड थांबवायची पाळी आली आणि नवे कर मिळवायला दीडशेहून जास्त वर्षं न भरलेली प्रतिनिधिसभा बोलवावी लागली. आणि त्या सभेसाठी गावागावात लोकांना बसवून त्यांच्या तक्रारींच्या वह्या लिहून घेतल्या गेल्या. कोण किती धान्य घेऊन जातो, चर्चचा दशमांश किती, जमीनदाराचा हक्क किती, शिकारीच्या नावाखाली शेत कोण तुडवतं. गावाने एकत्र बसून हे पहिल्यांदाच कागदावर पाहिलं. पोटात कमी पडत होतंच. आता ते कुठे जातं याचा हिशेब चारचौघांत वाचला गेला.

जुलै १७८९ मध्ये खेड्यांत जो भडका उडाला, त्यात शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी जमीनदारांच्या गढ्यांत घुसून हक्कांची दप्तरं बाहेर काढून जाळली. काही आठवड्यांतच, ४ ऑगस्टच्या रात्री, सरंजामी हक्क रद्द झाल्याचं सभेला जाहीर करावं लागलं. ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या बाजारातल्या बायका पावसात वीसेक किलोमीटर चालत व्हर्सायला गेल्या आणि राजाला कुटुंबासह पॅरिसला घेऊन आल्या.

आणि मग १७९५. हे साल आपल्या शाळांत कुणी शिकवत नाही, पण या प्रश्नाची खरी कसोटी तेच आहे. कमाल भावाचा कायदा आदल्या डिसेंबरात रद्द झाला होता, हिवाळा भयंकर होता आणि पॅरिसमधली भूक १७८९ पेक्षा जास्त होती. एप्रिलमध्ये आणि पुन्हा मेमध्ये लोक पाव मागत थेट सभागृहात घुसले. दोन्ही वेळा उठाव चिरडला गेला. त्यांचे पुढारी मारले गेले होते किंवा तुरुंगात होते, मोहल्ल्यांच्या सभा बंद झाल्या होत्या आणि या वेळी लष्कर सरकारच्या बाजूने उभं राहिलं. शहर तेच, भूक जास्त, निकाल उलटा.

रशियात १९१७ च्या फेब्रुवारीत (आपल्या कॅलेंडरप्रमाणे ८ मार्चला) पेट्रोग्राडच्या कापडगिरण्यांतल्या बायका पावाची मागणी करत संपावर उतरल्या. देशात धान्य होतं. पण सरकारने बांधून दिलेल्या भावात ते विकायला शेतकरी तयार नव्हता आणि रेल्वे युद्धाच्या कामाला जुंपलेली होती. बायका पहाटेपासून रांगेत उभ्या राहायच्या आणि तिथून कारखान्यात जायच्या. रांग ही जमायची जागा झाली. पुतिलोव कारखान्याने आदल्याच दिवशी हजारो कामगारांना टाळेबंदी करून रस्त्यावर काढलं होतं. तरीही हे सगळं आणखी एक दंगल ठरलं असतं. पाचव्या दिवशी शहरातल्या पलटणींनी गोळी झाडायचं नाकारलं म्हणून ते तसं झालं नाही. ते शिपाई खेड्यांतून आलेले शेतकऱ्यांचेच मुलगे होते. घरी काय चाललंय हे त्यांना पत्रांतून कळत होतं.

शिपायाच्या घरचं ताट ही माझ्या मते सगळ्यात कमी लक्ष दिली जाणारी बाजू आहे. बंदूक हातात असलेल्या माणसाचं पोट भरलेलं असेल आणि त्याचं घर रांगेत उभ्या असलेल्या लोकांपासून लांब असेल, तर राज्य टिकतं. इंग्रजांनी १८७७ मध्ये लष्कराचा आणि शहरांचा पुरवठा तुटू दिला नाही. खजिनाही रिकामा नव्हता. त्यामुळे मेलेल्यांचा आकडा कितीही मोठा असला तरी राज्याला धक्का पोचण्याचं कारण नव्हतं.

आता माणसं राग काढतात तो कशावर, हे बघा. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असताना कापसाला सोन्याचा भाव मिळाला होता. ते १८६५ मध्ये संपलं, भाव कोसळला, सारा मात्र वाढला आणि कर्ज राहिलं. त्या दंग्यात माणसं फारशी मारली गेली नाहीत. लोकांनी सावकाराकडून खतं आणि रोखे मागून घेतले आणि जाळले. जिथे कागद निमूट दिले तिथे बहुतेक ठिकाणी हातही उगारला नाही. चारच वर्षांत सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला.

त्याच्या पन्नासेक वर्षं आधी आपल्या खानापूर तालुक्यात काय झालं? संगोळ्ळी रायण्णा हा शेतसनदी होता, म्हणजे गावच्या चाकरीबद्दल जमीन खाणारा. १८२४ मध्ये कित्तूर पडल्यावर अशा जमिनींवर नवा बोजा आला. १८३० मध्ये त्याच्या माणसांनी बिडी गावची सरकारी कचेरी जाळली. २६ जानेवारी १८३१ ला त्याला नंदगडला फाशी दिलं. नंदगडला समाधीवर लोक आजही पाळणे बांधतात, नवस बोलतात. आपल्यापैकी कित्येकजण तिथे जाऊन आले असतील, पण कचेरी का जाळली हे क्वचितच कुणी सांगतं. तिथे सारा आणि इनामाचं दप्तर होतं.

कर्जरोखे, सारादप्तर, गढीतले हक्कपत्र. इतक्या लांबलांबच्या गावांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता धान्याच्या आधी कागदाला हात घातला. कारण घरातलं धान्य ज्या कागदाच्या जोरावर उचलून नेलं जातं, तो त्यांना ठाऊक होता. लुटलेली पोती महिनाभर पुरतात. जाळलेला रोखा पुढच्या सुगीतलं धान्य वाचवतो. म्हणून कुठे काही पेटतंय असं वाटलं की मी आधी बघते, लोक गोदामाकडे चाललेत की कचेरीकडे. गोदामाकडे गेले तर दोन दिवसांत शांत होतात. कचेरीकडे गेले तर प्रकरण लांबतं.

२१ जुलै १९८० ला नरगुंद आणि नवलगुंदला लोक कचेरीकडेच गेले. मलप्रभेचं धरण आपल्या सौंदत्तीजवळ नविलुतीर्थला आहे, कालव्याखालची जमीन पुढे धारवाड जिल्ह्यात जाते. पाणी आलं म्हणून शेतकऱ्यांनी वरलक्ष्मी कापूस लावला, दोन पैसे बघितले आणि मग भाव कोसळला. अशा वेळी सरकारने सुधारणा कर आणि पाणीपट्टीची वसुली लावली, जिथे पाणी नीट पोचलंच नव्हतं तिथेसुद्धा. पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले, जमावाच्या हातून पोलीसही मेले. कर्नाटकात हा दिवस शेतकरी हुतात्मा दिन म्हणून पाळतात. त्यातून कर्नाटक राज्य रयत संघ उभा राहिला आणि १९८३ च्या जानेवारीत मुख्यमंत्री गुंडूराव यांचं सरकार निवडणुकीत गेलं. हे शेतकरी उपाशी नव्हते. पाच वर्षांपूर्वीपेक्षा बरे दिवस त्यांनी पाहिले होते आणि ते हातातून निसटताना दिसत होते. कायमची गरिबी माणूस नशीब म्हणून सोसतो, हे मला पटत नसलं तरी गावात रोज दिसतं. वर चढून खाली ढकलला गेलेला माणूस ते नशीब मानत नाही.

निपाणीबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कारण ते मी आतून पाहिलं. विडीचा तंबाखू हे नगदी पीक. शेतकरी माल वखारीत घालायचा, भाव व्यापारी ठरवणार, वजनात घट धरणार, पैसे कधी द्यायचे तेही तोच सांगणार. मार्च १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेच्या हाकेवर हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ हलले नाहीत. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, डझनभर शेतकऱ्यांचे बळी गेले.

एवढे दिवस माणसं रस्त्यावर बसू शकली कशी? गावागावातून भाकऱ्या येत होत्या. आज या गावाची पाळी, उद्या त्या गावाची. बायका पहाटे चार वाजता उठून भाकऱ्या थापायच्या, सोबत खर्डा, पिठलं, कांदा, आणि बैलगाडीतून ती पाटी आंदोलनाच्या जागी पोचायची. घरात जोंधळा शिल्लक होता म्हणून हे शक्य झालं. आंदोलनाला शिधा लागतो. खरा दुष्काळ असता तर ती माणसं चौथ्या दिवशी घरी गेली असती. दिल्लीच्या सीमांवर २०२० च्या नोव्हेंबरपासून वर्षभर शेतकरी बसले, तेही लंगर चालू होते म्हणून आणि ट्रॉल्यांतून गावचं पीठ येत होतं म्हणून. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारला तीन शेती कायदे मागे घ्यावे लागले. नवीन कार्यकर्ते मला भाषण कसं करायचं ते विचारतात. मी त्यांना सांगते, आधी पीठ किती आहे ते बघा.

त्याच निपाणीत वखारींतून तंबाखू चाळणाऱ्या बायका होत्या. धुळीने छाती भरलेली, रोजगार शेतकऱ्याच्या हमालापेक्षाही कमी, कित्येकजणी एकट्या घर चालवणाऱ्या. पोटाची ओढ त्यांची जास्त होती. तरी त्यांना उभं करायला जास्त वर्षं लागली. एक दिवस काम बुडालं तर त्या दिवशी चूल पेटत नव्हती, इतका काठावरचा हिशेब. संपाच्या आधी मुठीमुठीने धान्य जमवून ठेवावं लागायचं. पण एकदा उभ्या राहिल्यावर त्या मागे हटल्या नाहीत, हेही तितकंच खरं. घरातल्या डब्यात किती उरलंय हे बाईला आधी कळतं. म्हणून व्हर्सायच्या वाटेवर बाया होत्या, पेट्रोग्राडच्या रांगेत बाया होत्या आणि १९७२ च्या सुमारास मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या मागे महागाईविरुद्ध लाटणी घेऊन निघालेल्याही बायाच होत्या.

भाववाढीतून सरकार जाण्याचं आपल्या देशातलं जवळचं उदाहरण गुजरातचं आहे. १९७३ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या इंजिनीअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं. तेलाचे भाव चढलेले होतेच. विद्यार्थ्यांच्या पाठोपाठ मध्यमवर्ग उतरला आणि ९ फेब्रुवारी १९७४ ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. तिथून बिहारचं आंदोलन, रेल्वेचा संप, आणि वर्षभराने आणीबाणी. मेसमध्ये जेवणारी मुलं उपाशी नव्हती. पण ती एका छताखाली राहत होती आणि वाढलेलं बिल सगळ्यांच्या हातात एकाच दिवशी पडलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर मी सगळं पोटावर नेऊन ठेवते असं वाटेल. आपल्या सीमाभागाची चळवळ भाकरीतून उभी राहिलेली नाही. १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात जे हुतात्मे झाले, ते भाषेसाठी आणि आपला कारभार आपल्या बोलीत व्हावा यासाठी. कुठल्याही दुष्काळाशी त्याचा संबंध जोडणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. माणूस मानासाठीही उठतो. फक्त ही चळवळ एवढी वर्षं टिकली त्याचं एक कारण असं की सातबारा, नोकरी, रेशनकार्ड अशा रोजच्या कागदांतून तो अपमान घरापर्यंत येत राहिला.

आणि भुकेवर स्वार होऊन आलेल्या सत्तेलाही भाकरीचा प्रश्न सुटत नाही, हे तरुणांनी विसरू नये. फ्रान्सच्या क्रांतिकारकांना १७९३ मध्ये कमाल भाव बांधावे लागले, मग शेतकऱ्याने माल दडवला, मग सक्ती आली. रशियात पाव मागून आलेल्या राजवटीने खेड्यांतून धान्य जबरदस्तीने उचललं आणि १९२१ च्या दुष्काळात लाखो माणसं मेली. ज्यांना राज्य घ्यायचं आहे त्यांनी पहिल्या दिवसापासून पेरणी, साठवण आणि वाहतूक यांचा विचार केला नाही तर तीच रांग त्यांच्या दारात उभी राहते.

आता आजचं. गावं गप्प आहेत याची कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. रेशनचा तांदूळ घरात येतो. कर्नाटकात २०१३ पासून अन्नभाग्य चालू आहे, २०२३ पासून घरच्या बाईच्या खात्यावर महिन्याला दोन हजार रुपये येतात. याला कुणी फुकटेपणा म्हणतं तेव्हा मला राग येतो. ज्या भागाने १८७७ पाहिलं तिथे पोटाला आधार असणं ही लोकांनी मिळवलेली गोष्ट आहे. दुसरं कारण, अस्वस्थ तरुण गावात नाही. खानापूरचा मुलगा गोव्यात, चिक्कोडीचा पुण्यात, हुक्केरीचा कोल्हापूरच्या फाउंड्रीत. शंभर वर्षांपूर्वी जो माणूस चावडीवर भांडला असता तो आज शिफ्टला आहे.

जिथे तुलना समोर दिसते तिथे गावं आजही उठतात. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादक बसले, टनाला ३५०० रुपये मागत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरकारने ३३०० वर तोड काढली. आपल्या बाजूच्या शेतकऱ्याला कोल्हापूरच्या कारखान्याचा दर पाहुण्यांकडून त्याच रात्री फोनवर कळतो. बांध एक, माती एक, पाणी एक आणि दर वेगळा. असं पुढ्यात दिसल्यावर त्याला कुणी भाषण देऊन जागं करावं लागत नाही.

न दिसणारं ओझं मात्र वेगळ्या ठिकाणी साचतंय, आणि तुम्हाला खानापुरात काम करायचं असेल तर तिकडे बघा. मायक्रोफायनान्सचं कर्ज. १८७५ चा सावकार गावात राहत होता, त्याचं घर माहीत होतं, रोखा त्याच्या पेटीत होता. आजचा रोखा दूरच्या शहरातल्या संगणकात आहे आणि दारात येतो तो आपल्यासारखाच एखादा पगारी पोरगा. शिवाय कर्ज गटाच्या हमीवर. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा. त्यामुळे राग कंपनीवर जात नाही, शेजारणीवर जातो. वसुलीच्या जाचाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की कर्नाटक सरकारला २०२५ च्या फेब्रुवारीत त्याविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. जाच थोडा कमी झाला, कर्ज तिथंच आहे.

पण वसुलीसाठी त्या बायकांना ठरलेल्या वारी, ठरलेल्या अंगणात रांगेने बसवलं जातं. १८७७ मध्ये दुष्काळी कामावर सरकारने माणसं एकत्र आणली होती, तशीच ही जागा कर्ज देणाऱ्यानेच तयार करून दिली आहे. तिथे बैठक संपल्यावर थांबा. भाषण करू नका. एक वही घ्या आणि प्रत्येकीला विचारून लिहा : कितीचं कर्ज, हातात किती पडलं, विम्याच्या आणि फीच्या नावावर किती कापलं, आठवड्याचा हप्ता किती, पावती मिळते का, आणि हप्ता भरायला गेल्या वर्षात घरातलं काय विकलं. सगळ्यांचं लिहून झालं की तेच त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा, नावं न घेता. पुढे काय करायचं ते त्या ठरवतील. आणि ठरवण्याआधी प्रत्येकीच्या घरात किती दिवसांचं पीठ आहे, हेही त्याच वहीत शेवटच्या रकान्यात असू द्या.